दिवे टिपणारी मुले आणि न वाचलेली सर्व्हिस

पुण्या-मुंबईच्या टेनिस अकादम्यांत अलीकडे एक नवा कोपरा दिसू लागला आहे. भिंतीवर किंवा जमिनीवर सहा-आठ दिवे लावलेले असतात. एक पेटला की मुलाने झेप घेऊन तो हाताने विझवायचा, लगेच दुसरा पेटतो. कोचच्या मोबाइलवर आकडा उमटतो. समजा, पहिल्या दिवशी ०.६२ सेकंद आणि महिन्याभराने ०.५१. शेजारच्या पेटीत लुकलुकणारे चष्मे असतात. त्यांच्या काचा क्षणात काळ्या होतात, क्षणात उघडतात. पालकांच्या हाती पडणाऱ्या रिपोर्टमध्ये आलेख खाली उतरत जातो आणि फी वर चढत जाते.

तो आकडा खोटा नसतो. मूल खरोखरच दिवे लवकर विझवायला शिकलेले असते. पण समोरून येणारी सर्व्हिस परतवण्याशी त्या शिकण्याचा संबंध फार थोडा आहे. चौदा वर्षांखालच्या मुलांसाठी अकादमीने, पालकांनी किंवा निवड समितीने या यंत्रांवर पैसा आणि वेळ घालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मुलाला जे कमी पडते ते दुसरीकडेच आहे, आणि ते बरेच स्वस्त आहे.

आधी हिशेब मांडू. टेनिसचे कोर्ट २३.७७ मीटर लांब असते. चौदा वर्षांच्या चांगल्या मुलाची पहिली सर्व्हिस ताशी १४० किलोमीटरने निघाली असे धरा, म्हणजे सेकंदाला जवळपास ३९ मीटर. हवा तिला अडवते, टप्पा पडल्यावर वेग आणखी मोडतो, आणि चेंडू रिटर्न करणाऱ्यापर्यंत पोहोचायला साधारण ०.८ सेकंद घेतो. त्यातले ०.२५ ते ०.३ सेकंद दिशा ओळखून फोरहँड की बॅकहँड हे ठरवण्यात जातात. खांदे वळवून पहिले पाऊल टाकायला ०.२ ते ०.२५ आणि रॅकेट पुढे आणायला आणखी सुमारे ०.२. हाताशी उरतात ते जेमतेम ०.०५ ते ०.१५ सेकंद. यात दिव्यांच्या सरावाने २० मिलिसेकंद वाचले, तर बेसलाइनजवळ, म्हणजे कोर्टच्या मागच्या रेषेजवळ, तेवढ्या वेळात चेंडू सुमारे ४० सेंटिमीटर पुढे सरकतो. ही काही क्षुल्लक गोष्ट नाही. यंत्रे विकणारे हेच गणित दाखवतात, आणि गणित बरोबरच आहे. पण दिव्यावर वाचलेले ते २० मिलिसेकंद कोर्टवर येतात का, याचे उत्तर त्या गणितात कुठेच नसते.

क्रिकेटमधला एक प्रयोग इथे फार बोलका आहे. १९८७ मध्ये पीटर मॅक्लिऑड यांनी मॅटिंगखाली लाकडी काड्या ठेवून टप्प्यानंतर चेंडू अचानक कुठेही वळेल अशी सोय केली आणि आंतरराष्ट्रीय दर्जाच्या फलंदाजांना खेळायला लावले. अनपेक्षित वळणानंतर बॅटची दिशा बदलायला त्यांनाही सुमारे २०० मिलिसेकंद लागले, म्हणजे तुम्हाआम्हाला साधा दिवा पाहून बटण दाबायला लागतात जवळपास तेवढेच. कसोटी खेळणाऱ्याचे मज्जातंतू वेगळे नसतात. त्याच्याकडे वेळ जास्त असल्यासारखे वाटते, कारण तो आधीपासून चेंडू वाचत असतो. पुढे २००० मध्ये मायकेल लँड आणि मॅक्लिऑड यांनी फलंदाजांच्या डोक्यावर डोळ्यांची हालचाल टिपणारा कॅमेरा बसवला. फलंदाज चेंडू सुटताना पाहतात आणि मग नजर पुढे उडी मारून टप्पा जिथे पडणार तिथे जाऊन थांबते, हे त्यात दिसले. चांगल्या फलंदाजाची नजर तिथे लवकर पोहोचते. अमेरिकेत टेरी बॅहिल आणि टॉम लॅरिट्झ यांनी १९८४ मध्ये बेसबॉलबद्दल हेच दाखवले होते. शेवटच्या दीड-दोन मीटरमध्ये चेंडू डोळ्यांसमोरून इतक्या वेगाने सरकतो की कोणाचेही डोळे त्याचा पाठलाग करू शकत नाहीत.

‘चेंडूवर डोळा ठेव’ हा कोर्टवरचा सर्वांत लाडका मंत्र म्हणूनच अर्धवट आहे. सुटताना पाहा, टप्प्याच्या जागी नजर आधी पोहोचव आणि फटका मारताना डोके हलवू नको, एवढे तीन तुकडे त्यात असायला हवेत. मंत्र म्हणून तो लांबलचक होतो, हे मान्य.

आता थेट टेनिस. १९७८ मध्ये जोन्स आणि माइल्स यांनी सर्व्हिसचे चित्रीकरण मध्येच तोडून दाखवले आणि चेंडू कुठे पडेल ते विचारले. रॅकेटला चेंडू लागण्याच्या ४२ मिलिसेकंद आधी चित्र थांबवले, तरी अनुभवी कोच नवख्यांपेक्षा जास्त बरोबर सांगत होते. टॉस, खांद्यांचे वळण, कमरेचा कोन, रॅकेटच्या पात्याची दिशा या सगळ्यांतून त्यांना उत्तर मिळत असावे. आंद्रे अगासीने नंतर जाहीरपणे सांगितलेला किस्सा प्रसिद्ध आहे. त्याचा प्रतिस्पर्धी बोरिस बेकर सर्व्हिसआधी जीभ बाहेर काढायचा आणि तिच्या दिशेवरून सर्व्हिस कुठे येणार ते अगासीला कळायचे. पहिले तिन्ही सामने बेकरने जिंकले होते, पण शेवटी हिशेब १०-४ असा अगासीच्या बाजूने लागला. सगळे श्रेय जिभेला देणे धाडसाचे ठरेल. पण जगातल्या अव्वल रिटर्नरांपैकी एक माणूस समोरच्याच्या तोंडाकडे बघत बसला होता, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

दिवे हे शिकवूच शकत नाहीत. दिवा पेटण्याआधी टॉस करत नाही, खांदा वळवत नाही. तो पेटेपर्यंत त्याच्याविषयी काहीही कळण्याची सोय नसते, आणि टेनिसमध्ये नेमके ते ‘आधी’च महत्त्वाचे असते. ऑस्ट्रेलियात ब्रूस ॲबरनेथी आणि जोआन वुड यांनी २००१ मध्ये डोळ्यांच्या सर्वसाधारण व्यायामांचे दोन लोकप्रिय कार्यक्रम रॅकेटच्या खेळात नवख्या असलेल्यांवर तपासले. व्यायाम करणारे सुधारले, पण व्यायाम न करता टेनिसविषयी वाचणारे आणि सामने पाहणारेही तेवढेच सुधारले. चाचणी दुसऱ्यांदा दिली की आकडे सुधारतातच. अकादमीच्या आलेखात हा सरावाचा भाग असतो, शिवाय वय वाढल्याचा भाग असतो, कारण दहाव्या वर्षापासून पुढे प्रतिसादाचा वेळ आपोआप कमी होत जातो. तुलनेसाठी दुसरा गट नसेल, तर यंत्राने काय दिले ते त्या आलेखातून कळण्याचा मार्गच नाही.

दुसरी बाजूही मांडायला हवी. सिनसिनाटी विद्यापीठाच्या बेसबॉल संघाने २०११ च्या हंगामाआधी डोळ्यांचे प्रशिक्षण घेतले आणि संघाची फलंदाजीची सरासरी ०.२५१ वरून ०.२८५ वर गेली. हा दाखला वारंवार दिला जातो. पण त्या संघात प्रशिक्षण न घेतलेला गट नव्हता, आणि एका वर्षात संघ बदलतो, प्रतिस्पर्धी बदलतात, सरावही बदलतो. दाव्यांना कायद्याचा चाप बसल्याचीही उदाहरणे आहेत. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१५ मध्ये नजर सुधारण्याचा दावा करणाऱ्या अल्टिमाइझ या ॲपच्या कंपनीकडून दीड लाख डॉलर वसूल करण्याचा आदेश मिळवला. २०१६ च्या जानेवारीत मेंदूच्या खेळांचे ॲप विकणाऱ्या लुमॉसिटीने २० लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवले. तिच्या दाव्यांत अभ्यास आणि नोकरीबरोबर खेळही होता. आपल्याकडे असे दावे अकादमीच्या फ्लेक्सवर बिनधास्त लटकतात.

दोन्ही डोळे जवळच्या वस्तूवर नीट एकत्र येत नसतील, तर नेत्रतज्ज्ञ जे व्यायाम देतात ते उपचार आहेत आणि त्यांचा उपयोग होतो. इथे वाद आहे तो निरोगी डोळ्यांना ‘अतिवेगवान’ करण्याच्या धंद्याशी.

मग मुलाला सर्व्हिस वाचायला शिकवायचे कसे? सर्वांत मोठा अडथळा खरे तर दिवे नाहीत, बास्केट आहे. आपल्याकडे लहान मुलांचा बहुतेक सराव कोचने बास्केटमधून हाताने फीड केलेल्या चेंडूंवर होतो. तासाला शेकडो चेंडू मारले जातात, पण त्यातला एकही समोरच्या खेळाडूच्या रॅकेटवरून आलेला नसतो. मूल फटका शिकते, माणूस वाचायला शिकत नाही. अशा मुलाला पहिल्याच स्पर्धेत ‘उशीर’ होतो आणि पालक निदान करतात की रिॲक्शन कमी आहे. मग दिवे येतात. आजार रेड्याला आणि डाग पखालीला, तशातला प्रकार. सरावाचा निदान तिसरा हिस्सा तरी जिवंत सर्व्हिस आणि रिटर्नचा हवा, आणि समोर दर वेळी तोच मित्र नको. क्लबातला मार्कर (सभासदांबरोबर खेळायला नेमलेला खेळाडू), वरच्या गटातली मुलगी, एखादा डावखुरा, जो मिळेल तो. डावखुऱ्याची सर्व्हिस मुलांना वाचता येत नाही यामागे गूढ काही नाही, ती त्यांनी कमी पाहिलेली असते.

याच्या जोडीला फोनवरचा सराव करता येतो. बेसलाइनच्या एक पाऊल मागे, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर (बारा वर्षांच्या मुलासाठी साधारण १४० सेंटिमीटर) फोन स्टँडवर लावा. चार-पाच जणांच्या सर्व्हिस सेकंदाला ६० फ्रेमच्या वेगाने टिपा. प्रत्येक क्लिप दोन प्रकारे कापा, एक चेंडू रॅकेटला लागताक्षणी आणि दुसरी त्याच्या पाच फ्रेम आधी, म्हणजे सुमारे ८० मिलिसेकंद आधी. मुलाने टीव्हीसमोर रॅकेट घेऊन उभे राहायचे आणि क्लिप थांबताच ‘टी’ (सर्व्हिसच्या चौकटीत मधल्या रेषेकडे) की ‘वाइड’ (बाहेरच्या रेषेकडे) ते त्या बाजूला पाऊल टाकून दाखवायचे. मग पूर्ण क्लिप दाखवायची. आठवड्यातून तीनदा, पंधरा-पंधरा मिनिटे पुरतात. २० क्लिपांत १० बरोबर आले तर ते नुसते अंदाज आहेत. १५ किंवा जास्त नुसत्या नशिबाने येण्याची शक्यता जेमतेम २ टक्के असते, तेव्हा तिथून पुढे मूल काहीतरी पाहू लागले आहे असे समजायला हरकत नाही.

हे बिघडते तेही ठरलेल्या ठिकाणी. क्लिपांत टीवरच्या सर्व्हिस जास्त असतील, तर प्रत्येक वेळी ‘टी’ म्हणणारे मूलही हुशार ठरते, म्हणून दोन्ही निम्म्या-निम्म्या ठेवायच्या. मुले मागचे झाड, टी-शर्टचा रंग लक्षात ठेवून क्लिपच पाठ करतात, म्हणून संच दर पंधरवड्याला बदलायचा. आणि सर्वांत मोठी चूक कोचची असते. तो नियमांची जंत्री सांगतो: टॉस उजवीकडे तर स्लाइस (बाजूला वळणारी), डोक्यावर तर किक (उंच उसळणारी), पुढे तर फ्लॅट (सरळ, वेगवान). उजव्या हाताच्या खेळाडूबद्दल हे ढोबळपणे खरे आहे. पण अर्ध्या सेकंदात ही यादी मनात चाळणारे मूल आणखी उशिरा हलते. शिवाय बारा वर्षांखालच्या मुलांचा टॉस वाऱ्यावर सोडल्यासारखा भरकटतो, त्यामुळे नियमही फसतो. डेमियन फॅरो आणि ॲबरनेथी यांनी २००२ मध्ये ज्युनियर टेनिसपटूंवर केलेल्या प्रयोगात एका गटाला काय बघायचे ते सांगितले आणि दुसऱ्याला फक्त सर्व्हिसचा वेग ओळखायला लावला. दिशा ओळखण्यात सुधारणा झाली ती या दुसऱ्या गटाची. नियम न सांगता नजर योग्य जागी नेणारा प्रश्न विचारणे जास्त उपयोगी पडते. ‘वेग किती असेल?’ हा तसाच एक बिनखर्चाचा प्रश्न. सराव थांबला की हा फायदा ओसरतो, म्हणून एका शिबिरापुरते हे करून भागत नाही.

वाचलेले पायांपर्यंत पोहोचवते ती स्प्लिट स्टेप. समोरच्याची रॅकेट चेंडूकडे निघते तेव्हा छोटी उडी आणि चेंडूला रॅकेट लागण्याच्या आसपास पाय जमिनीवर. आधी उतरले की मूल सपाट पायांवर थिजते. उडी उंच घेतली की दिशा कळूनही ते हवेतच असते. मोठ्या खेळाडूंत दोन्ही पाय एकदम टेकत नाहीत. जायचे त्याच्या उलट बाजूचा पाय आधी टेकतो आणि तोच ढकलतो. आपली मुले ही उडी पहिल्या सर्व्हिसला घेतात, दुसऱ्या सर्व्हिसला विसरतात आणि रॅलीत तर तिचे नावच नसते. पाठमोरे उभे करून ‘हं!’ अशी हाक मारायची आणि मुलाने वळून चेंडू पकडायचा, हा लोकप्रिय ड्रिल वॉर्मअप म्हणून ठीक आहे. पण कानाला मिळणारा प्रतिसाद डोळ्यापेक्षा मुळातच लवकर असतो, आणि त्यात वाचायला समोर माणूस नसतो.

मोजायचेच असेल तर कोर्टवर मोजा. रिटर्न करणाऱ्याच्या मागच्या जाळीवर, साधारण दोन मीटर उंचीवर फोन बांधा. चौकटीत समोरच्याची रॅकेट आणि आपल्या मुलाचे पाय दोन्ही दिसले पाहिजेत. सेकंदाला २४० फ्रेम ठेवल्या की एक फ्रेम सुमारे ४.२ मिलिसेकंदांची होते. काही फोन मधल्या फ्रेम स्वतःच तयार करून २४०चा आव आणतात, तेव्हा आधी स्टॉपवॉच टिपून खात्री करून घ्या. मग चेंडू रॅकेटला लागला ती फ्रेम, पाय टेकले ती फ्रेम आणि योग्य दिशेला खांदा किंवा पाऊल हलले ती फ्रेम, अशा तीन नोंदी करा. पहिली ते तिसरी ६० फ्रेम म्हणजे २५० मिलिसेकंद. २४ फ्रेमपेक्षा कमी, म्हणजे १०० मिलिसेकंदांच्या आत हालचाल आली, तर चेंडू लागल्यानंतर काही पाहून ती झालेली नाही. मुलाने आधीच वाचले असेल किंवा जुगार खेळला असेल. कोणते, ते चुकीच्या दिशेला गेलेल्या वेळा मोजल्या की कळते. निदान २० सर्व्हिस घ्या आणि सरासरीऐवजी आकडे क्रमाने लावून मधोमध येणारा आकडा धरा, नाहीतर एखादी भरकटलेली सर्व्हिस सगळा हिशेब बिघडवते.

घरी साधा प्रतिसाद मोजायची हौस असेल तर ३० सेंटिमीटरची पट्टी पुरे. मुलाच्या बोटांमध्ये शून्याची खूण ठेवून न सांगता सोडायची. १५ सेंटिमीटरवर पकडली तर ०.१७५ सेकंद, २० वर ०.२०, २५ वर ०.२२६. दोन-चार मिनिटांची गंमत आहे, तिच्यासाठी मासिक फी लागत नाही.

मुलाला वेळ द्यायचा सर्वांत सरळ मार्ग म्हणजे चेंडू हळू करणे, आणि तो आपल्याकडे सर्वांत जास्त नाकारला जातो. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या नियमांत लाल चेंडू नेहमीच्या पिवळ्यापेक्षा ७५ टक्के संथ, नारिंगी ५० टक्के, हिरवा २५ टक्के. २०१२ पासून दहा वर्षांखालच्या स्पर्धांत पूर्ण पिवळा चेंडू वापरता येत नाही. पिवळा चेंडू २५४ सेंटिमीटरवरून सोडला की १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळावा, असा निकष आहे. नऊ वर्षांच्या मुलाचे डोकेच तिथे असते. तो मागे पळतो, हवेत चाचपडतो, आणि समोरच्याकडे बघायला त्याला फुरसत मिळत नाही. तरी कित्येक पालकांना नारिंगी चेंडू म्हणजे नापास झाल्यासारखे वाटते आणि विद्यार्थी जाऊ नये म्हणून कोच मान तुकवतो. या बाबतीत जबाबदारी कोचचीच आहे. पालकांना कोर्ट कळत नाही, त्याला कळते.

मग डोळे. अकादमीत नाव घालताना जन्माचा दाखला मागतात, डोळ्यांची तपासणी मागत नाहीत. लहान मुले धूसर दिसते म्हणून तक्रार करत नाहीत, कारण स्पष्ट दिसते कसे ते त्यांना ठाऊक नसते. शाळेतला तक्ता वाचला म्हणजे झाले असेही नाही. प्रत्येक डोळा वेगळा तपासायला हवा, आणि मुलांचा नंबर डोळ्यांत थेंब टाकून पाहावा लागतो, नाहीतर डोळा ताण देऊन दोष लपवतो. थेंबांनंतर बाहुली मोठी राहते, त्या दिवशी उन्हात सराव नको. दोन्ही डोळ्यांचा मेळ, खोलीचा अंदाज आणि रंगांची ओळखही तपासून घ्यावी. लाल-हिरव्याचा फरक कमी दिसणाऱ्या मुलाला लाल मातीवरचा नारिंगी चेंडू शोधत बसावे लागू शकते. चष्मा लागला तर न फुटणाऱ्या पॉलिकार्बोनेट काचा आणि मागे पट्टा हवा. मातीच्या कोर्टवर लेन्समध्ये धूळ जाते, हेही लक्षात ठेवावे. दक्षिण कोरियाचा चुंग ह्यॉन चष्मा लावूनच खेळतो आणि २०१८ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये त्याने चौथ्या फेरीत जोकोविचला हरवले आणि पुढे उपांत्य फेरी गाठली.

ज्या क्लबात लुकलुकणारे चष्मे आहेत, त्याच क्लबाच्या बास्केटमध्ये मातीने तपकिरी झालेले, मेलेले चेंडू असतात, हे मला सगळ्यात खटकते. चेंडूचा पिवळा रंग शोभेसाठी आलेला नाही. टीव्हीवर नीट दिसावा म्हणून १९७२ मध्ये नियमांत पिवळा चेंडू आला, विम्बल्डनने तो १९८६ मध्ये स्वीकारला. तपकिरी चेंडू मुलाला उशिरा दिसतो, आणि मेलेला चेंडू चुकीची उसळी शिकवतो. खांद्याच्या उंचीवरून सोडून पाहा, निम्म्यापर्यंतही उसळला नाही तर तो बास्केटमधून काढून टाका. तसेच संध्याकाळचे. ऊन गेले आहे आणि फ्लडलाइट लागायचे आहेत, अशा अर्ध्या तासात विजेचे बिल वाचवत मुले खेळत असतात. उजेड कमी झाला की प्रत्येकाचाच प्रतिसाद मंदावतो. दिव्यांचा एवढा सोस आहे तर हे दिवे आधी लावावेत.

झोपेचे गणित तर कोणी मांडतच नाही. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास आणि किशोरांना ८ ते १० तास झोप लागते. पहाटे पाचला उठून सराव, मग शाळा, मग क्लास, रात्री अकराला अंथरूण. अशा मुलाचा प्रतिसाद कोणते यंत्र सुधारणार?

शेवटी निवडीचा प्रश्न, कारण तिथे नुकसान एका मुलापुरते राहत नाही. शिबिरासाठी किंवा शिष्यवृत्तीसाठी मुले निवडताना दिव्यांवरची वेळ गुणांत धरायचा मोह होतो, आकडा नेटका दिसतो म्हणून. पण वयोगट जन्मवर्षावर ठरतो. जानेवारीत जन्मलेला मुलगा आणि डिसेंबरात जन्मलेली मुले एकाच गटात येतात, आणि दहाव्या-अकराव्या वर्षी जवळपास एका वर्षाचा फरक प्रतिसादाच्या वेळेत दिसतो. अशी चाचणी गुणवत्तेच्या नावाखाली वाढदिवस निवडते. त्याऐवजी एकाच मार्करने प्रत्येक मुलाला २० सर्व्हिस द्याव्यात, जाळीवर फोन बांधावा, किती वेळा मूल योग्य दिशेला निघाले आणि किती फ्रेमनंतर निघाले ते नोंदवावे. जन्माचा महिना शेजारच्या रकान्यात लिहावा. महिन्याभराने तोच मार्कर, तेच कोर्ट, तीच वेळ ठेवून पुन्हा मोजावे, आणि शिबिराची यादी त्यानंतर लावावी.